काकवीचं माप

उसाची ट्रॉली होती. ड्रायव्हरला कळलंसुद्धा नाही.
गुऱ्हाळाच्या कडेला सापडली म्हणून काकवी,
रंगही तोच, उन्हात धरला तर तांबूस.
कमरेपासून मागचं सगळं
कुणा दुसऱ्याचं असल्यासारखं
तिच्यामागून फरफटत यायचं.

नागाळा पार्कात डॉक्टर अल्फिया मुजावर
तिच्या बोटाला चिमटा लावतात
आणि पायाकडे नाही, तोंडाकडे बघतात.
"पाय आखडला तर नुसता मणका बोलला.
मान वळली, तर तिला कळलं."
नवव्या दिवशी तिनं मान वळवली
आणि माझं मनगट चावली.
मी रक्त धूत होतो,
डॉक्टर टाळ्या वाजवत होत्या.

एकतीस वर्षं मी केएमटीत तिकिटं फाडली.
धावत्या बसमध्ये हात न धरता उभं राहायचं
हे कुणी शिकवलं नव्हतं, कंबर शिकत गेली.
आता अंगणात सतरंजी टाकून
काकवीला चार पायांवर उभं करायचं,
डावीकडून हलका धक्का,
उजवीकडून हलका धक्का.
शिवाजी पूल. गंगावेश. रंकाळा स्टँड.
मी स्टॉप पुकारतो,
ती गंगावेशीच्या आधीच बसते.
परत पुलापासून.

रत्नप्रभा दारात परात घेऊन उभी.
"माझ्या गुडघ्याला कधी एवढं शेकलं न्हाईसा."
यावर काय बोलणार.
दुसऱ्या दिवसापासून
रबराच्या पिशव्या दोन झाल्या.

काचेच्या टाकीत कोमट पाणी मांडीपर्यंत चढतं,
खालून पट्टा सरकतो.
पाण्यात वजन निम्म्यावर येतं म्हणे.
तिचे पाय आधी नुसते तरंगले,
मांडवाला लोंबणाऱ्या पडवळासारखे.
मग एक टेकला. सरकला. टेकला.
मी मोजत होतो. सात, आठ.
अकराव्याला तिला समजलं की आपण चालतोय,
आणि ती घाबरून थांबली.

डावा पाय मात्र पंजा दुमडूनच पडायचा.
नखं घासून रक्त.
सुभाषनगरात बाळू व्हटकराकडे घेऊन गेलो,
आमच्या तीन पिढ्यांच्या चपला त्याच्या घरच्या.
त्यानं कागद पसरला, पेन्सिल कानावरून काढली,
आणि तशीच धरून बसला.
"माप घ्याचं तर पाय टेकाय लागतो, मास्तर.
हिचा टेकतच न्हाई. कशाचं माप घिऊ?"
मग त्यानं डोळे मिटून
अंगठ्यानं पंजा चाचपला, बराच वेळ,
आंधळ्यानं नाणं ओळखावं तसा.
आठ दिवसांनी मऊ कातड्याची टोपी दिली,
बोटं वर ओढून धरणारी वादी,
आणि न सांगता घातलेली एक छोटी वेणी.
"येकाच पायाची हाय," म्हणाला,
"जोडीचं पैसं कसं घिऊ?"

तीन टोप्या झिजल्या.
ती सरळ चालत नाही, चालणारही नाही,
डॉक्टरांनी आधीच सांगितलंय.
कंबर एका अंगाला जाते, वळणावर बस जाते तशी.
पण परवा पहाटे मोकळ्या प्लॉटात
पोटाखालचा पट्टा मी धरायच्या आत
ती बसली,
आपली आपण, थरथरत,
लघवी करून उठली,
आणि गवत हुंगायला लागली.
घरी येऊन मी रत्नप्रभेला सांगितलं.
ती भिंतीला टेकून पाय वर उचलत होती,
बोट दाखवून थांबवलं. आकडा चुकला असता.

काल हंगामाची पहिली ट्रॉली आमच्या रस्त्यानं गेली,
वाढे हलताहेत, गाणी मोठ्यानं लावलेली.
काकवी उठली.
मला वाटलं, घरात पळेल.
ती ट्रॉलीच्या मागे लागली, भुंकत,
तीन पाय आणि एक शिवलेला.

घंटी एकदा ओढली की बस थांबते,
दोनदा ओढली की सुटते.
माझा हात सवयीनं वर गेला,
दोरी नसलेल्या हवेत,
आणि किती वेळा ओढायची
तेच मला आठवेना.